खांदा बरा म्हणतात

दुखणे अंगावर काढणे ही एक कला असून ती आमच्या घराण्यात निदान तीन पिढ्या नांदत आलेली आहे. आमच्या आजोबांनी आपला अंतर्गळ बावीस वर्षे धोतराच्या निऱ्यांआड सांभाळला आणि वैद्यबुवांनी विचारले तेव्हा ‘तसे काही विशेष नाही’ असे सांगितले. वडिलांनी दाढेचा ठणका लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर भागवला. आणि मी स्वतः पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे लेखापालाची नोकरी करून, खात्यावर शिल्लक पडलेल्या आजारपणाच्या रजेचा आकडा साहेबांनी निरोपसमारंभात कौतुकाने वाचून दाखवावा, इतक्या निरोगी लौकिकाने सेवानिवृत्त झालो. प्रकृतीची चौकशी करणाऱ्याला ‘ठीक आहे’ एवढे दोन शब्द देऊन वाटेला लावावे, त्याहून अधिक बोलणे म्हणजे आपल्या हाडामांसाची जाहिरात करणे होय, अशीच आमची समजूत. या दोन शब्दांची किंमत डॉलरांत मोजता येते, हे ज्ञान मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यू जर्सी नामक संस्थानातील एडिसन या गावी, डाव्या खांद्याच्या द्वारे प्राप्त झाले.

हकीकत येणेप्रमाणे. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमचे चिरंजीव मला आणि सौभाग्यवतींना लशी टोचून आणण्यासाठी एका औषधांच्या दुकानी घेऊन गेले. त्या देशात लशीसाठी दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. शांपू, वाढदिवसाची शुभेच्छापत्रे, मांजरांचे खाद्य आणि खोकल्याच्या नाना रंगांच्या बाटल्या यांच्या रांगा ओलांडून गेले, की कोपऱ्यात एक पडदा, पडद्याआड एक बुटकी खुर्ची, आणि खुर्चीशेजारी पांढरा कोट घातलेली एक हसतमुख तरुणी आपली वाट पाहत उभी असते. ती उभी होती आणि मी बसलो होतो, ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिला महत्त्व आहे. कोरोनाची लस उजव्या दंडात आणि फ्लूची डाव्या दंडात, असे ठरले. उजव्या दंडावरील बाह्या, म्हणजे लांब हातांचा बनियन, त्यावर सदरा आणि त्यावर सुनेने भेट दिलेला लोकरी स्वेटर अशा तीन थरांच्या बाह्या, मोठ्या प्रयासाने वर गेल्या. त्यात चांगली पाच मिनिटे मोडली. पडद्यापलीकडे रांग खोळंबलेली. तेव्हा डाव्या बाजूस तोच खटाटोप पुन्हा करून त्या मुलीचा आणि लोकांचा वेळ दवडण्यापेक्षा, मी उदार अंतःकरणाने स्वेटराचा गळाच ताणून बाजूला ओढला आणि खांदा उघडा करून तिच्यापुढे ठेवला. तिने जे समोर आले त्यात सुई घातली. मी ‘थँक्यू’ म्हणालो.

लस दंडातल्या स्नायूत टोचायची असते, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून. आणि टोचणाऱ्याने व टोचून घेणाऱ्याने दोघांनीही बसावे, म्हणजे सुई वर चढत नाही, असा त्या विद्येचा दंडक आहे, हे मला फार पुढे समजले. सुई वर चढली म्हणजे ती स्नायू सोडून सांध्यावरच्या वंगणाच्या पिशवीत शिरण्याचा संभव असतो. आणि मग रोगाशी लढण्यासाठी शरीरात जी फौज उठवायची, ती त्या पिशवीतच छावणी टाकून बसते व रोग न सापडल्याने यजमानालाच लुटू लागते. या विकाराचे इंग्रजी नाव सहा शब्दांचे असल्यामुळे त्याच्या आद्याक्षरांचे ‘सिर्वा’ असे लघुरूप केलेले आहे. नाव एखाद्या गुजराती फरसाणाचे वाटते. २०१० साली तेरा रुग्णांचा वृत्तान्त एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. तोवर अशा लोकांना ‘वय झाले’ एवढेच सांगून घरी पाठवीत असावेत.

येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण हल्ली लोक अर्धे वाक्य ऐकून तट पाडतात. लशीविषयी माझे काहीएक गाऱ्हाणे नाही. आमच्या लहानपणी गावात ‘देवी डॉक्टर’ आला, की आम्ही पोरे कणगीमागे दडत असू आणि आमच्या आत्या, ज्यांचा एक डोळा देवीने नेला होता, त्याच आम्हांला कान धरून बाहेर काढीत. त्या टोचण्याचे दोन वाटोळे वण माझ्या दंडावर अद्याप आहेत आणि तो रोग मात्र १९८० सालापासून पृथ्वीवर नाही. तेव्हा सौदा माझ्याच फायद्याचा झाला, हे मी लेखापाल या नात्याने जाणतो. यंदाही मी लस घेणार आहे. फक्त अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून जाणार आहे.

त्याच रात्री खांदा दुखू लागला. दुखू लागला हे क्रियापद फार दुबळे आहे. मराठीत वेदनेचे खाते किती तपशीलवार ठेवलेले आहे! ठणका निराळा, ठसठस निराळी. कळ उठते, चमक निघते, सणक जाते, उसण भरते, रग लागते आणि सल राहतो. माझ्या खांद्यात यांपैकी बहुतेक मंडळी पाळीपाळीने हजेरी लावीत. कुशीवर वळलो की सणक. सदऱ्यात हात घालताना कळ. आणि पहाटे तीन ते पाच ही वेळ ठणक्याने कायमची राखून ठेवलेली. तिसऱ्या आठवड्यात हात कानापर्यंत जाईना. जानवे बदलण्यास दुसऱ्या माणसाचे साहाय्य लागू लागले. तरीही नोव्हेंबरच्या मध्यावर रक्तदाबाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी ‘कसे काय, आजोबा?’ अशा अर्थाचे काहीसे विचारले, तेव्हा माझ्या मुखातून, तीन पिढ्यांच्या संस्कारांना स्मरून, ‘ऑल फाइन’ असे शब्द बाहेर पडले. डॉक्टरांनी ते तत्काळ यंत्रात टिपून घेतले. ‘कोणतीही तक्रार नाही.’

डिसेंबरअखेर, चमचा तोंडापर्यंत नेण्यासाठी मान खाली आणावी लागते हे सुनेच्या लक्षात आले, तेव्हा कुठे माझी रवानगी हाडांच्या डॉक्टरांकडे झाली. तेथे एमआरआय निघाला आणि सुजलेली पिशवी सापडली. सुईने झालेल्या या दुखण्यावर त्याच खांद्यात आणखी एक सुई टोचणे हा उपचार आहे, हे ऐकून मला आमच्या खात्याची आठवण झाली. नंतर फिजिओथेरपी सुरू झाली. तेथील मुलगी कोनमापक घेऊन माझ्या हाताची मोजणी करी व ‘पंचाण्णव अंश’ असे उद्गारून वहीत लिहून ठेवी. पूर्ण हात म्हणजे एकशे ऐंशी. दारावर अडकवलेल्या कप्पीवरून दोरी ओढणे आणि भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे चढणे, असे दोन व्यायाम तिने घरी करण्यास दिले. भिंतीवर बोटांची चढण किती झाली हे पेन्सिलीने खुणा करून नातू नोंदवून ठेवी. त्याच भिंतीवर त्याच्या उंचीच्याही खुणा होत्या. तो माझ्या पुढे चालला होता.

प्रत्येक भेटीच्या आरंभी ‘शून्यापासून दहापर्यंत तुमचे दुखणे किती?’ असा प्रश्न येई. भिंतीवर त्यासाठी सहा चेहऱ्यांचा तक्ता लावलेला, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी दर वेळी ‘दोन’ म्हणे. कारण असे की, लेखापालाने पहिल्याच तिमाहीत तरतूद संपवावी हे माझ्या तत्त्वात बसत नाही; उद्या मूतखडा उद्भवला तर त्याला काय द्यायचे? म्हणून दहापैकी दोन खर्ची टाकून आठ मी शिल्लक ठेवीत गेलो. तो दोनाचा आकडा प्रत्येक कागदावर माझ्या नावासमोर पडत राहिला.

नुकसानभरपाईची कल्पना मूळची चिरंजीवांच्या एका सहकाऱ्याची. भरपाई म्हटल्यावर माझ्या अंगी भाऊबंदकीचे जे परंपरागत वीरश्रीचे रक्त आहे ते सळसळले. परंतु चौकशीअंती असे समजले, की हा दावा कोणाही माणसावर नाही. त्या पांढऱ्या कोटातल्या मुलीवर नाही, दुकानावर नाही, लस बनवणाऱ्या कारखान्यावर नाही. त्याचे असे झाले. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्या देशात डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लशीवरून कारखानदारांवर इतके दावे पडले, की कारखानदार धंदाच आवरू लागले आणि मुलांना लस पुरेनाशी होण्याचा प्रसंग आला. तेव्हा १९८६ साली काँग्रेसने कायदा केला, रेगनसाहेबांनी त्यावर सही केली आणि १९८८च्या ऑक्टोबरात एक स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली: कोणाची चूक होती हे सिद्ध करण्याची गरजच नाही, इजा सिद्ध करा आणि निधीतून पैसे घ्या. प्रतिपक्ष म्हणून नाव लागते ते खुद्द आरोग्यखात्याच्या मंत्र्यांचे. ज्या मंत्र्याने मला कधी पाहिलेले नाही, त्याच्याशी माझा वाद. आणि जिने सुई टोचली ती मुलगी अजूनही दुकानात गेलो की प्रसन्न हसते. दावा आहे पण वैरी नाही, ही स्थिती कोकणातल्या कोणत्याही सज्जनास असह्य वाटेल.

या निधीचा उगमही मनोरंजक आहे. लशीच्या दर मात्रेमागे, ती ज्या ज्या रोगावर चालते त्या प्रत्येक रोगाबद्दल ७५ सेंट असा कर बसवलेला आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या तिहेरी लशीला अर्थातच सव्वादोन डॉलर पडतात. फ्लू एक रोग, म्हणून ७५ सेंट. म्हणजे ज्या सुईने मला जायबंदी केले, तिनेच जाता जाता माझ्या नावे डॉलरातले बारा आणे सरकारजमा केलेले होते. हिशेबाच्या या सचोटीने मी भारावून गेलो.

मात्र हे सारे डाव्या दंडापुरते. उजव्या दंडातली कोरोनाची लस या व्यवस्थेत मोडत नाही; तिचे खाते निराळे, २००५ सालच्या निराळ्या कायद्याखालचे. तेथे न्यायालय नाही, वकिलाची फी नाही, वेदनेबद्दल छदाम नाही, आणि मुदत लस घेतल्यापासून अवघ्या एका वर्षाची. फ्लूला मुदत तीन वर्षांची, तीही पहिले लक्षण दिसल्यापासून. एकाच देहाचे दोन दंड दोन भिन्न खात्यांकडे वर्ग केलेले आहेत हे समजल्यावर, दुखणे निदान योग्य खात्यात उपजले याबद्दल मी देवाचे आभार मानले. शिवाय दुकानाच्या दप्तरात डाव्यापुढे डावाच लिहिलेला होता, हेही पूर्वजन्मीचे सुकृतच. डावा की उजवा या एका मुद्द्यावर महिनेच्या महिने घालवलेले अर्जदार पुष्कळ आहेत.

वकीलबाई मिळाल्या. त्या माझ्याकडून एक पैही घेणार नव्हत्या. कायद्याने त्यांना तसे घेताच येत नाही. अर्ज सद्भावनेने व वाजवी आधारावर केलेला असला, की हरलो तरी त्यांची फी न्यायालय निधीतूनच देववते. फुकटचा वकील या गोष्टीवर विश्वास बसण्यास मला तीन आठवडे लागले. न्यायालय वॉशिंग्टनात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरील उद्यानाच्या कडेला आहे, आणि तेथे या कामासाठी आठ ‘स्पेशल मास्टर’ नेमलेले आहेत. मास्टर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे एक छडीवाले येतात किंवा एक टेपवाले. हे दोन्ही नव्हेत, तरी मोजमाप घेण्याच्या बाबतीत दुसऱ्याशी यांचे बरेच साम्य आहे. त्यांच्यापुढे भरपाईस पात्र इजांचे एक कोष्टक असते. २०१७च्या मार्चपासून आमच्या खांद्याला त्यात जागा मिळाली. २०२१च्या जानेवारीत जुन्या सरकारने जाता जाता त्याला कोष्टकातून बडतर्फ करण्याचा हुकूम काढला आणि एप्रिलात नव्या सरकारने, तो हुकूम अंमलात येण्यापूर्वीच, रद्द केला. मधले तीन महिने हा विकार कोणत्या मनःस्थितीत असेल, हे बदलीच्या वाऱ्यात नोकरी केलेल्यासच कळेल. तूर्त तो कायम आहे, आणि खांदेकऱ्यांचा या कचेरीत इतका भरणा आहे, की हा शब्द आपल्याकडे कोणत्या यात्रेसाठी वापरतात हे वकीलबाईंना सांगण्याचे मी टाळले.

कोष्टकाच्या अटी चार. त्या खांद्याचे पूर्वीचे काही दुखणे नसावे. वेदना व आखडलेपण त्याच खांद्यापुरते असावे. दुसरे कारण सापडू नये. आणि वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी. त्याखेरीज, शस्त्रक्रियेची पाळी न आल्यास, दुखणे सहा महिन्यांहून अधिक टिकलेले असावे. वेदनेची कमाल किंमत २,५०,००० डॉलर. मरण आल्यास वारसांना मिळतात तेही तितकेच. १९८६ साली ठरलेला हा आकडा आजतागायत बदललेला नाही, सबब कोणत्याही महागाईभत्त्याविना वेदना सोसणारे हे बहुधा जगातले एकमेव खाते असावे. अर्थात खांद्याला एवढे कोण देतो? खांदे पुष्कळदा काही दशसहस्रांवर तुटतात.

सरकारची कैफियत आली. तिच्यात माझ्या आजोबांपासूनचे संस्कार माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल केलेले होते. अर्जदाराने दोन महिने उपचार घेतले नाहीत. अर्जदाराने नोव्हेंबरात आपल्या डॉक्टरांस ‘ऑल फाइन’ असे सांगितले. अर्जदाराचे दुखणे, त्याच्याच शब्दांत, दहापैकी दोन. सबब वेदना ४८ तासांत सुरू झाली याला समकालीन लेखी आधार काय? वकीलबाईंनी विचारले, त्या दिवसांचे काही लिखाण घरात आहे काय? कोणाला पत्र, एखादी रोजनिशी? मी मान हलवली. मी आयुष्यभर सरकारचे हिशेब लिहिले. स्वतःचे कधी लिहिले नाहीत.

तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या आणि ओक ट्री रोडवरील वाण्याकडून आणलेली, लशीच्या सालची आणि त्याच्या पुढच्या सालची, अशी दोन कालनिर्णये घेऊन आल्या. ती त्यांनी मुगाच्या डब्याखाली जपून ठेवलेली होती. त्यांवर त्या रोजचे दूध, धुण्याचा साबण, नातवाच्या शाळेच्या सुट्ट्या आणि घरातील समस्त घडामोडी बारीक अक्षरांत लिहीत असतात. लशीच्या तारखेच्या चौकोनात लिहिलेले होते: ‘दोघांना सुया. दूध १ गॅलन.’ दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात: ‘ह्यांचा डावा खांदा. मिठाने शेकले. रात्रभर झोप नाही (मला).’ पुढच्या सालच्या जानेवारीत: ‘सदरा मीच घातला.’ मार्चात पुन्हा: ‘सदरा मीच.’ एप्रिल, मे. सहा महिने तर केव्हाच भरून गेले होते. वकीलबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या कागदांना तत्काळ पुरावा क्रमांक दिले. एकादशी, संकष्टी आणि भद्रा यांच्यासकट ते मुगाच्या वासाचे कागद अमेरिकेच्या संघराज्याच्या न्यायालयात रुजू झाले.

भाषांतर प्रमाणित करून हवे होते. ते करणारे गृहस्थ शिकागोत राहणारे आणि अत्यंत प्रामाणिक, त्यामुळे पंचाईत झाली. ‘सदरा मीच घातला’ याचे त्यांनी ‘सदरा मी स्वतः परिधान केला’ असे इंग्रजी केले, आणि माझ्या खांद्याचा माझ्या पत्नीच्या पेहरावाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित झाला. ‘ह्यांचा’ हे तर बहुवचन. ‘या लोकांचा डावा खांदा’ असे त्यांनी लिहिले. किती लोक होते? त्यांपैकी अर्जदार कोणता? पन्नास वर्षांच्या संसारात ज्या बाईने माझे नाव एकदाही कागदावर घातले नाही, तिला अखेर प्रतिज्ञापत्र करावे लागले, की सदरहू कालदर्शिकांत ‘हे’ याचा अर्थ सर्वत्र अर्जदार असाच असून दुसरा कोणीही इसम नाही. तेवढ्यापुरते तिने माझे नाव टंकलिखित होऊ दिले. सही करताना त्या ओळीवर हात ठेवला होता.

एवढ्यावर मिटले असते. पण नोव्हेंबराच्या पानावर, डॉक्टरांकडे गेलो होतो त्याच दिवशीच्या चौकोनात, आणखी एक नोंद निघाली: ‘खांदा बरा म्हणतात.’ भाषांतर आले: ‘खांदा बरा असल्याचे सांगितले जाते.’ वकीलबाईंचा फोन संध्याकाळी आला. आवाज उतरलेला. चिरंजीवांनी फोन मेजावर ठेवून सर्वांना ऐकू येईल असा केला.

‘तिला सांग,’ सौभाग्यवती कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, ‘बरा आहे, असं मी लिहिलेलं नाही. बरा असता तर ‘बरा’ एवढंच लिहून मोकळी झाले असते. मी ‘म्हणतात’ लिहिलंय.’

‘म्हणजे काय सांगू?’

‘म्हणजे हे म्हणतात. मी म्हणत नाही.’

चिरंजीव क्षणभर थांबले. मग त्यांनी इंग्रजीत जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की अर्जदाराचा खांदा बरा असल्याचा आरोप अर्जदाराने केला असून तो पत्नीस मान्य नाही. पलीकडे शांतता पसरली. नंतर वकीलबाई हसल्याचा आवाज आला, आणि ‘आरोप’ हा शब्द अगदी तसाच लेखी द्या, त्यात काना-मात्रा बदलू नका, असे त्यांनी दोनदा बजावले.

फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे वळून विचारले, ‘आज कसा आहे खांदा?’

‘ठीक आहे,’ मी म्हणालो.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि नव्या कालनिर्णयाला दोऱ्याने बांधलेले पेन हातात घेतले.